गाठीची रसद तोडणाऱ्या गोळ्या

धडगाव किंवा मोलगीहून मुंबईच्या परळपर्यंतचा रस्ता चारशे किलोमीटरांहून अधिक आहे. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण तिकडे निघाला की सोबत एक माणूस लागतो, दोघांची मजुरी बुडते आणि मुंबईत उतरायचे कुठे, हा प्रश्न असतोच. आजार शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला असेल, तर वर्षानुवर्षे ठरलेला उपचार म्हणजे दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन. अशा घरातला रुग्ण किती खेपा करणार?

या प्रश्नावरचा एक उपाय रक्तवाहिन्यांच्या संशोधनातून आला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युडा फोकमन हा तरुण शल्यचिकित्सक अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. लांबच्या सफरीवरच्या जहाजांसाठी रक्ताला पर्याय शोधणे हे तिथले काम. शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या ग्रंथीत त्याने कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी एक-दोन मिलिमीटर वाढल्या आणि थांबल्या. त्याच गाठी उंदराच्या अंगात घातल्यावर मात्र भराभर फोफावल्या. फरक होता रक्तवाहिन्यांचा. उंदराच्या शरीरात गाठीकडे नव्या केशवाहिन्या फुटत होत्या, बाहेरच्या ग्रंथीत त्या फुटत नव्हत्या.

१९७१ साली फोकमनने मांडले, की गाठ स्वतःच रसायने सोडून आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फुटायला लावते. ही रसद तोडली तर गाठ वाढणार नाही. किल्ला सर करता येत नसेल तर वेढा घालून दाणागोटा बंद करायचा, हे महाराष्ट्राला नवे नाही. वैद्यकातल्या मंडळींनी मात्र बरीच वर्षे ही कल्पना हसण्यावारी नेली. पुढे १९८९मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारे प्रथिन वेगळे काढले. त्याला अडवणारे बेव्हासिझुमॅब २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्याने आयुष्य वाढले, पण काही महिन्यांनीच. एक वाट बंद झाली की गाठ दुसरी शोधते. शिवाय औषध महाग.

स्वस्त वाट फोकमनच्याच प्रयोगशाळेतून निघाली. नेहमीच्या केमोथेरपीत मोठा डोस देऊन काही आठवडे थांबतात. या मधल्या काळात शरीर सावरते, तशा गाठीच्या रक्तवाहिन्याही सावरतात. तेच औषध थोडे थोडे, खंड न पाडता दिले तर या वाहिन्यांना उसंत मिळत नाही, असे २०००च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. गाणे शिकताना एकसारखे ठोके देणाऱ्या मेट्रोनोम यंत्रावरून या पद्धतीला ‘मेट्रोनॉमिक’ नाव पडले.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. श्रीपाद बनवली यांच्यासारख्या कर्करोगतज्ज्ञांनी ही पद्धत जाणीवपूर्वक रुजवली. तिथल्याच डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी २०१६ ते २०२० या काळात तिची समोरासमोर परीक्षा घेतली. डोके-मानेचा कर्करोग उलटलेल्या, पसरलेल्या किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या ४२२ रुग्णांपैकी निम्म्यांना सिस्प्लॅटिन, निम्म्यांना तोंडाने गोळ्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब. एक संधिवातातही वापरतात, दुसरी तर दुखण्यावरची गोळी. ‘गोळ्या सिस्प्लॅटिनपेक्षा कमी पडत नाहीत ना’ एवढेच पाहायचे होते. सिस्प्लॅटिनच्या गटाचे मध्यक आयुष्य ६.१ महिने भरले, गोळ्यांच्या गटाचे ७.५. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांत कमी होते.

दीड महिना. ऐकायला थोडा वाटतो, आणि या गोळ्यांनी आजार बरा होतो असे कुणी समजू नये. पण हा काळ रुग्ण स्वतःच्या घरी काढू शकतो, ही बाब आकड्यात उतरत नाही. पुढे याच गटाने एर्लोटिनिबसह तीन गोळ्यांना निव्होलुमॅबची जोड दिली, तीही नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, फक्त २० मिलिग्रॅम. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. गोळ्यांचा परिणाम केवळ रक्तवाहिन्या रोखल्याने होतो की दाह कमी झाल्याने, प्रतिकारशक्ती जागी झाल्यानेही, याचा वाटा अजून नीट वेगळा करता आलेला नाही.

गोळ्या घरी घ्यायच्या म्हणजे देखरेख संपली असे नाही. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या वेळेवर व्हाव्या लागतात आणि त्या जवळच्या सरकारी रुग्णालयात होऊ शकतात. सर्वांत मोठा धोका अगदी साधा आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. चिठ्ठी वाचता न येणाऱ्या घरात पाकिटावर बाजाराच्या दिवसाची खूण करून द्यावी. तोंडात नव्या जखमा, ताप किंवा जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.