वंगण : थोडे, योग्य जागी आणि वेळेवर
(घरगुती नक्षी-करवतीची निगा)



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बेअरिंग तपासली जातात, झिजलेले भाग बदलले जातात आणि मगच पुढच्या हंगामासाठी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. ऐन हंगामात मिल बंद पडली तर तोडलेला ऊस वाळतो आणि वजन कोणाचे घटते, हे आपणास सांगायला नको. हीच शिस्त घरच्या लहान यंत्रांनाही लागू आहे. आज अशाच एका यंत्राविषयी.

लाकडावर नक्षी कापणाऱ्या विजेच्या करवतीला कारागीर ‘स्क्रोल सॉ’ म्हणतात. हाताच्या फ्रेटवर्कच्या करवतीचे हे मोटारीवर चालणारे भावंड. वर एक व खाली एक असे दोन हात, त्यांच्यामध्ये ताणलेले सुमारे ५ इंचाचे बारीक पाते, आणि मिनिटाला साधारण ४०० ते १६०० फेऱ्या. २०१८ साली राज्य शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली. तेव्हापासून प्लायवूडच्या कापीव मखरांना पुन्हा मागणी येऊ लागली, आणि घरी असे यंत्र असलेल्या तरुणांना चार पैसे मिळण्याची वाट झाली. अडचण एवढीच, की गणपतीआधीचे कामाचे दिवस म्हणजे नेमके पावसाचे दिवस.

कसारा घाटाखालचा आसनगाव-शहापूर-मुरबाडचा पट्टा घ्या. हा भाताचा आणि सागाच्या जंगलाचा मुलूख. मुंबईला पाणी देणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातलीच. यावरून तिथल्या पावसाची कल्पना यावी. आषाढ-श्रावणात पडवीत ठेवलेले उघडे लोखंड बघता बघता तांबूस होते. अशा हवेत करवतीला शत्रू दोन : गंज आणि भुसा.

आणि इथेच आपली जुनी सवय आडवी येते. बैलगाडीच्या आखाला वंगण चोपडायचे म्हणजे सढळ हाताने, हे आपल्या अंगवळणी पडलेले. पण करवतीवर वरून तेल ओतले, तर त्यात बारीक भुसा कालवला जातो आणि त्याचा चिकट लगदा होतो. हा लगदा सांध्यात शिरला की कानशीसारखे काम करतो. शिवाय तेलाचे डाग लाकडावर पडले की त्या जागी रंग धरत नाही. म्हणून आधी साफसफाई, मग वंगण, हा क्रम कधी मोडू नये.

आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही बरं का! मऊ ब्रशने भुसा झाडून सुक्या फडक्याने सांधे पुसावेत. मग यंत्राची माहितीपुस्तिका पाहावी, कारण सगळ्या यंत्रांची ठेवण एक नसते. बऱ्याच साध्या करवतींत हात ज्या दांड्यावर हलतात तिथे तेल शोषून घेणारे बुश असतात. तिथे २० नंबरचे तेल द्यावे. यंत्र एका कुशीवर आडवे करून दांड्याच्या टोकाशी तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या रात्री दुसरी कूस. जादा तेल सकाळी पुसून घ्यावे. बंद बेअरिंग असेल तर त्यात तेल घालू नये. सुईसारख्या रोलरांचे बेअरिंग असेल तर पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस भरावे. गोडेतेल किंवा खोबरेल मात्र कदापि नको. गोडेतेल काही दिवसांनी चिकट होते आणि खोबरेल थंडीत गोठते.

किती वेळाने? अशा साध्या यंत्रांच्या पुस्तिकांत पहिल्या १० तासांनंतर एकदा व पुढे दर ५० तासांनी असे सांगितलेले आढळते. रोज ३ तास काम धरले तर ५० तास १७ दिवसांत भरतात. म्हणजे गणपतीआधीच्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा तेल हवे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख मांडून ठेवावी. मध्येच कुरकुर ऐकू आली, तर तारखेची वाट पाहू नये.

ज्या लोखंडी टेबलावर लाकूड सरकते, त्याला तेल लावू नये. बारीक पॉलिश कागदाने गंज काढून मेणाचा पातळ थर द्यावा व कोरड्या फडक्याने घासावा. लाकूड हलके सरकते आणि दमट हवाही लोखंडाला लागत नाही. काम संपल्यावर पात्याचा ताण सैल करावा व यंत्र झाकून ठेवावे.

कोरडा बुश झिजतो, हात बाजूला हलू लागतो, पाते तिरपे होऊन तटकन तुटते. मखर बिघडते ते बिघडतेच, पण तुटलेले पाते बोटांजवळ असते, हे विसरू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि लहान मुले लांब.

मखर हरतालिकेपर्यंत घरी पोचले तरच त्याचे पैसे; चतुर्थी उलटल्यावर ते लाकूडच. तेव्हा ज्या घरी असे यंत्र आहे त्यांनी मृगाच्या आधीच त्याचे ओव्हरहॉलिंग उरकून घ्यावे. तेलाची एक बाटली नव्या बुशाहून स्वस्त पडते.