मासवणचे बाबूराव आणि पिसे काढणारी परीक्षणे

फसलेल्या सिनेमाला फसलेला म्हणायचे, आणि तेही छापील शब्दांत, ही रीत भारतात ज्या माणसाने रूढ केली तो आजच्या पालघर जिल्ह्यातला. बाबूराव पटेल यांचा जन्म १९०४ साली मासवणला झाला. घराण्याचे आडनाव पाटील. शाळा अर्धवट सोडून ते सिनेमाविषयक पत्रकारितेत शिरले, मूकपटांच्या अखेरच्या काळात त्यांनी दिग्दर्शनही केले आणि १९३५ साली मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. पुढची पंचवीस वर्षे निर्माते, नट-नट्या आणि वितरक हा अंक धास्तीने उघडत असत.

‘फिल्मइंडिया’तले परीक्षण मथळ्यापासूनच निकाल देऊन मोकळे होई. सोबत चौकटीत निर्माता, दिग्दर्शक, कलाकार, प्रदर्शनाची तारीख असा तपशील असे, आणि खाली कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत यांची एकेक करून झडती. चित्रपट पडेल असला तर ती चिरफाडच होई. ‘एडिटर्स मेल’ या सदरात वाचक प्रश्न विचारत आणि बाबूराव दोन ओळींत फटकारे मारत. एस. एम. पंडित यांच्यासारख्या चित्रकाराने मासिकाच्या दर्शनी रूपाला झळाळी दिली. याच पानांत निर्मात्यांच्या पानभर जाहिराती असत, आणि त्यांच्याच जिवावर मासिक चाले. जाहिरात देणाऱ्याचा चित्रपटही तिथे झोडपला जाऊ शकत होता, हे त्या काळी विशेषच होते. जाहिरातदारापुढे मान न झुकवणारा समीक्षक आजही सहज सापडत नाही.

या लेखणीचा सर्वांत चांगला उपयोग १९३८ साली झाला. ‘द ड्रम’ या ब्रिटिश चित्रपटात वायव्य सरहद्दीवरचे लोक कपटी आणि रानटी, तर गोरे अधिकारी शूर आणि दयाळू असे रंगवले होते. ‘फिल्मइंडिया’ने त्यावर झोड उठवली, मुंबईत निदर्शने झाली आणि चित्रपटाचे प्रदर्शन थांबवावे लागले. पाठोपाठ १९३९च्या ‘गंगा दीन’ या हॉलिवूडपटावरही अशीच टीका झाली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये ख्वाजा अहमद अब्बास तेव्हा याच विषयावर लिहीत होते. परकी कंपनी आपल्या माणसांचे खोटे चित्र जगभर विकत असताना केवळ ‘करमणूक बरी झाली’ असे लिहिणे ही समीक्षकाची कर्तव्यच्युती ठरली असती.

घरच्या दिग्दर्शकांचीही गय नव्हती. प्रभात आणि व्ही. शांताराम यांचे कौतुक करताना बाबूरावांनी हात आखडता घेतला नव्हता. मात्र १९५९ साली शांताराम यांचा ‘नवरंग’ आला तेव्हा त्यांनी मथळ्यातच वापरलेले शब्द कुठल्याही घरगुती मासिकात छापता येणार नाहीत. इथे त्यांच्या लेखणीचा दोष उघडा पडतो. चित्रपट का फसला हे सांगण्यापेक्षा तो करणारा माणूस कसा आहे, याकडे ती वळली. नट्यांच्या रूपावर आणि खासगी आयुष्यावर त्यांनी जे लिहिले त्याचा पडद्यावरच्या कामाशी संबंध नव्हता. उत्तरायुष्यात मासिक ‘मदर इंडिया’ या नावाने निघू लागले, सिनेमापेक्षा राजकारण वाढले आणि धर्मद्वेषाचा सूर चढत गेला. १९६७ साली ते मध्य प्रदेशातील शाजापूरमधून जनसंघाचे खासदार म्हणून निवडून आले. १९८२ साली त्यांचे निधन झाले. एवढी धारदार भाषा असलेल्या माणसाने ती अशी खर्च केली, हे मराठी वाचकाने न लपवता नोंदवायला हवे.

कामावरची टीका आणि माणसावरची टीका यांतली सीमारेषा कायद्याने मात्र फार पूर्वीच आखली होती. १८६०च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ बदनामीविषयी होते. त्याच्या सहाव्या अपवादानुसार, जी कलाकृती कर्त्याने स्वतःहून लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवली, तिच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत देणे म्हणजे बदनामी नव्हे. रंगमंचावर उभा राहणारा नट किंवा गायक आपली कला लोकांच्या निवाड्यासाठीच मांडतो, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. पुढची दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. एखाद्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, म्हणजे तो दुबळ्या बुद्धीचा असावा, असे पुस्तकावरून म्हटले तर ते चालते. पण तो मुळातच दुबळा आणि बाहेरख्याली आहे, तेव्हा त्याचे पुस्तक असे असल्याचे नवल नाही, असे म्हटले तर संरक्षण उरत नाही. पहिल्यात निष्कर्ष कलाकृतीतून निघतो, दुसऱ्यात तो आधीच ठरलेला असतो. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि बदनामीची तरतूद तिच्या कलम ३५६मध्ये आली. पिसे काढायला कायद्याची आडकाठी नाही, फक्त ती सिनेमाची काढावीत.

इतके झोडपणाऱ्याला स्वतः चांगला सिनेमा करता येतो का, हा प्रश्न प्रत्येक समीक्षकाला ऐकावा लागतो. बाबूरावांनी पत्नी सुशीलाराणी यांना नायिका करून ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) काढले आणि दोन्ही पडले. सुशीलाराणी शास्त्रीय गायनात तयार होत्या, तरी चित्रपट तरले नाहीत. उलट उदाहरणेही आहेत. आचार्य अत्रे यांची वार करणारी लेखणी महाराष्ट्राला ठाऊक होती, आणि त्यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. फ्रान्समध्ये समीक्षक फ्रान्स्वा त्रुफो यांच्या जहाल टीकेमुळे १९५८ साली कान महोत्सवाने त्यांना निमंत्रण नाकारले. पुढच्याच वर्षी त्याच महोत्सवात ते उत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. खरे पाहता हा प्रश्नच गैरलागू आहे. आमटी खारट झाली हे सांगायला स्वयंपाकी असावे लागत नाही, पण ती खारट कशाने झाली हे सांगता आले तर सांगण्याला किंमत येते.

कठोर परीक्षणाने चित्रपट बुडतो, ही निर्मात्यांची कायमची तक्रार. अनुभव तसा सरळ नाही. ‘नवरंग’ चांगला चालला. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला प्रदर्शित झाला तेव्हा परीक्षणे थंड होती आणि चित्रपट डब्यात जाणार अशी चर्चा होती. जय मरतो तो शेवट बदलावा का, इथपर्यंत निर्मात्यांचा विचार गेला होता. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. व्ही. के. मूर्ती यांचे छायाचित्रण असूनही तो आपटला, आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव लावले नाही. त्या अपयशाचा फेरविचार मराठीत झाला. अरुण खोपकर यांनी ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ या पुस्तकात ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ यांतील प्रकाश, अवकाश आणि कॅमेऱ्याची हालचाल उलगडून दाखवली. पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्या शुक्रवारचा निकाल अंतिम नसतो, हे या ग्रंथाइतके मुद्देसूद क्वचितच कुणी दाखवले असेल.

आता निकाल शुक्रवारी दुपारीच मोबाईलवर येतो. तारे दिले जातात, कारणे दिली जात नाहीत. पैसे घेऊन केलेली स्तुती आणि ठरवून केलेली बदनामी दोन्ही वाढल्या आहेत. केरळ उच्च न्यायालयापुढे अशा ठरवून केलेल्या बदनामीचे प्रकरण आले, तेव्हा न्यायमित्राने प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षणे टाळावीत असे २०२४ साली सुचवले. ही सूचना चुकीच्या बाजूला झुकते. पहिल्या दोन दिवसांत तिकीट काढणारा प्रेक्षकच तर सर्वांत जास्त फसतो.

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावातून हे नीट समजते. चित्रपटगृहासाठी घाट उतरून किंवा नाशिकची वाट धरून जावे लागते. तिकिटात एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज मिळवला, तर रद्दी चित्रपट शहरी माणसापेक्षा इथल्या माणसाला कितीतरी महाग पडतो. प्रामाणिक, कडक परीक्षणाची गरज खरी त्यालाच आहे. शिवाय काही निकाल त्यानेच द्यायचे आहेत. हिंदी चित्रपटांत पिसांचे टोप आणि भाले घेऊन नाचणारे आदिवासी अनेकदा आले. तारप्याच्या सुरावर फेर धरणाऱ्या वारली माणसाला त्यातला खोटेपणा पहिल्या क्षणी दिसतो, शहरातल्या समीक्षकाला बहुतेक वेळा दिसत नाही. हे मत छापून यायला हवे, मोखाडा-जव्हारच्या शिकलेल्या मुलांनी ते लिहायला हवे.

बाबूरावांची परीक्षणे मुळातून वाचायची असतील, तर ‘फिल्मइंडिया’चे सुरुवातीच्या काळातले अनेक अंक इंटरनेट आर्काइव्हवर मोफत उपलब्ध आहेत.