फ्रेमला तडा गेला? वेल्डिंगआधी वॉरंटी कार्ड पाहा

कवठे महांकाळ : सायकलच्या फ्रेमला तडा गेला की पावले आपोआप वेल्डिंगच्या दुकानाकडे वळतात. साध्या स्टीलच्या सायकलला ते चालून जाते. ॲल्युमिनियमचे तसे नाही.

फ्रेम कशाची, हे चुंबक लावून पाहा. स्टीलला चिकटते, ॲल्युमिनियमला नाही. गिअरच्या अनेक सायकलींत असलेला ६०६१ हा मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ मऊ पडतो. कारखान्यात जोडणीनंतर फ्रेम भट्टीत तापवून ताकद परत आणतात. गल्लीतल्या दुकानात ती सोय कुठली? जोड चालत्या सायकलवर पुन्हा सुटू शकतो. शिवाय बाहेर वेल्डिंग केले की वॉरंटी बहुधा संपते.

‘लाइफटाइम’ वॉरंटीही साधारणतः पहिल्या ग्राहकापुरती आणि उत्पादनातील दोषापुरतीच असते. अपघात, गंज त्यात धरत नाहीत. बिल जपा आणि त्यावर फ्रेम नंबर लिहून घ्या. तो बहुतेक वेळा पायडलच्या एक्सलखाली कोरलेला असतो.

स्टीलचा रंग उडाला तर लगेच रंग लावा. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पण त्यात सीटचा स्टीलचा पाइप जाम होतो. अधूनमधून ग्रीस लावा. द्राक्षबागायतदारांनी एक लक्षात ठेवावे : बोर्डो मिश्रणातला मोरचूद दोन्ही धातूंना खातो. फवारणीचे शिंतोडे उडाले असतील तर सायकल त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा.