मणक्याचं ऑपरेशन : पेशंटला पालथं कसं झोपवतात?

कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा पाठीकडून होतं, म्हणून भूल दिल्यावर पेशंटला पालथं वळवतात. छाती आणि कंबरेच्या हाडांखाली उशा देऊन पोट मोकळं ठेवतात. पोट दाबलं गेलं तर मणक्यातल्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. डोळ्यांवर दाब आला तर नजरेला धोका. हात खांद्यापासून ९० अंशांपेक्षा जास्त वर ताणले तर नसा दुखावतात. भुलेतल्या माणसाला दुखतंय हे सांगता येत नाही, म्हणून हे सगळं पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. खांदा आखडलेला, काचबिंदू, हाताला मुंग्या असं काही असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. शुद्धीवर आल्यावर धूसर दिसलं किंवा हात बधिर वाटला तर लगेच बोला. 'भूल उतरेल की' म्हणून थांबू नका.