विश्लेषण : १८०/१२०च्या पुढचा रक्तदाब ‘घातक’ केव्हा ठरतो?

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटच्या संचात वाफेचा दाब प्रति चौरस सेंटीमीटर दीडशे किलोच्या वर असतो. माणसाच्या रोहिणीतला ‘१२०’ त्याच मापात मोजला तर जेमतेम ०.१६ किलो भरतो. आकडा किरकोळ वाटेल. पण बॉयलरचा दाब मर्यादेबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफ बाहेर पडते. शरीरातही दाब उतरवण्याची व्यवस्था आहे. मात्र एका आजारात तीच उलटी चालू लागते. या आजाराला मॅलिग्नंट हायपरटेन्शन म्हणजे घातक उच्च रक्तदाब म्हणतात. कॅन्सरशी त्याचा संबंध नाही.

नुसता आकडा पुरेसा आहे का?

नाही. बीपी १८०/१२० किंवा त्याहून जास्त भरले, पण अवयवांना इजा नसेल, तर तो हा आजार नव्हे. निदान होते ते बहुधा डोळ्यात. दृष्टिपटलावर रक्तस्राव, कापसासारखे पांढरे ठिपके किंवा दृष्टिचेतेला सूज दिसली की धोका पक्का. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता दिसतात अशी ही जागा. म्हणून बीपी खूप वाढलेले असताना धूसर दिसू लागले, तर ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

शरीरात नेमके काय बिघडते?

दाब वाढला की छोट्या रोहिण्या आकसतात आणि पुढच्या नाजूक केशवाहिन्यांना वाचवतात. दाब फार वेगाने चढला तर ही ताकद संपते. भिंतीचे अस्तर फाटते, त्यात रक्तातली प्रथिने झिरपतात आणि वाहिनीची वाट अरुंद होते. मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते. त्याला वाटते, शरीरातच दाब कमी आहे! मग ते रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, वाहिन्या आणखी आवळल्या जातात आणि दाब पुन्हा चढतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत हा चुकीच्या सेन्सरवर चालणारा फीडबॅक लूप आहे.

परिणाम एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसतात. लघवीत प्रथिने व रक्त येते, क्रिएटिनिन वाढते. मेंदूला सूज येऊन प्रचंड डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपण, झटके येतात; कधी रक्तस्राव होऊन लकवा. हृदयाचा डावा कप्पा दमला की फुप्फुसात पाणी साचते आणि आडवे झाले की धाप लागते. अरुंद वाहिन्यांतून जाताना तांबड्या पेशीही फुटतात.

कारणे कोणती?

सर्वांत साधे कारण म्हणजे ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर बंद करणे. तरुण रुग्णात मात्र मूळ शोधावे लागते : मूत्रपिंडाचा जुना आजार, त्याच्या रोहिणीतील अडथळा, तरुण स्त्रियांत आढळणारा ताकायासू आजार, अधिवृक्क ग्रंथीची गाठ. धूम्रपानाने जोखीम वाढते.

पूर्वी काय होत असे?

१९३९मध्ये अमेरिकेतील कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी रुग्णांचे डोळ्यांवरून चार गट पाडले. चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटातील ७९ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले होते. परिणामकारक औषधेच नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेलेले अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांचे बीपी त्या दिवशी ३००/१९० नोंदले गेले. चारच वर्षांनी, १९४९मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. आज सर्पगंधा मागे पडली आहे. तिच्या जागी कितीतरी सुरक्षित गोळ्या आल्या.

आता उपचार कसे?

इथे घाई महागात पडते. वाढलेल्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा दाब एकदम उतरवला तर तुटू शकतो. म्हणून सरासरी दाब पहिल्या काही तासांत साधारण २० ते २५ टक्केच खाली आणतात. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची जुनी पद्धत याच कारणाने बाद झाली. घरी तर तो प्रयोग नकोच. अशा रुग्णाला जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. मेंदूची सूज बहुधा काही दिवसांत उतरते, डोळ्यांना काही आठवडे ते महिने लागतात. मूत्रपिंड सर्वांत हळू सावरते : काहींना डायलिसिस लागते आणि त्यातले काही जण महिन्यांनंतर त्यातून बाहेरही येतात.