पट्टा कमरेला, फायदा कोणाला?

गोदामातला कामगार गुडघे न वाकवता कमरेतून वाकला, की त्याच्या पट्ट्याला लावलेलं काडेपेटीएवढं यंत्र थरथरतं. मोबाइल आडवा धरला की पडदा फिरवणारे सेन्सरच त्यात असतात. अंग किती वाकलं, किती झटक्यानं पिळलं, दिवसात किती वेळा, हे सगळं नोंदलं जातं आणि शिफ्ट संपल्यावर साहेबांच्या संगणकावर उतरतं.

या यंत्रांना अमेरिकेत गिऱ्हाईक मिळालं, त्यामागे विम्याचं गणित आहे. तिथे बहुतेक राज्यांत कामगारांच्या भरपाईचा विमा मालकाला सक्तीचा असतो आणि कंपनी फार लहान नसेल तर हप्ता आधीच्या साधारण तीन वर्षांच्या दाव्यांवर ठरतो. सरासरी कंपनीचा गुणांक 1. तो 1.25 झाला की हप्ता 25 टक्क्यांनी वाढतो, 0.80 वर आला की 20 टक्के वाचतात. एका कामगाराची पाठ धरली तर त्याचा भुर्दंड पुढची काही वर्षं पडत राहतो. त्यामुळे पट्ट्यांवरचा खर्च मालकाला परवडतो आणि विमा कंपन्याही त्यांचा आग्रह धरतात.

आपल्याकडे हे गणित लागू पडत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत जुलै 2019 पासून मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. वर्षभरात एकही अपघात न झालेला कारखाना आणि दहा जणांची बोटं गेलेला कारखाना, दोघांचा दर एकच. सुरक्षेवर खर्च करणाऱ्याला हप्त्यात एक पैशाची सूट नाही.

पण हप्ता दाव्यांवर ठरला तरी दावे घटले म्हणजे इजा घटल्या, असं नव्हे. दावा दोन कारणांनी कमी होतो: माणसाला लागलं नाही म्हणून, किंवा लागूनही त्याला तो मांडता आला नाही म्हणून. हप्त्याच्या हिशेबात दोन्ही सारखेच दिसतात.

पहिल्या कारणासाठी, म्हणजे माणसाला लागूच नये म्हणून, अंगावरच्या यंत्राचा खरा उपयोग कुठे होतो? गटारात आणि रसायनांच्या टाक्यांत. तिथल्या हायड्रोजन सल्फाइड वायूला आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेतलं प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. कॉलरला लावलेला गॅस मीटर साधारण दहालाच कर्कश वाजतो. अर्थात, कोणाला आत उतरवण्याआधी तोच मीटर दोरीनं खाली सोडून पाहायला हवा. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. त्या रकमेपुढे मीटरची किंमत किरकोळ आहे.

पाठीचं तसं नाही. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेच्या सूत्रानुसार सगळं अनुकूल असताना हातानं उचलायचं वजन 23 किलोपर्यंत असावं. आपली सिमेंटची गोणी 50 किलोची. तिच्याखाली पट्टा दिवसभर थरथरला तरी तो हमालाला काय शिकवणार? बोटांचंही तेच: वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटं चिरडतात. तिथे सेन्सर मनगटावर नको, प्रेसवर हवा: हात आत असेतो ठोका पडूच न देणारा.

दुसऱ्या कारणाची, म्हणजे दावा मांडता न येण्याची, वाट कायद्यातूनच जाते. 1923 च्या भरपाई कायद्यानुसार कामगारानं सुरक्षेचा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला असेल, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व वगळता भरपाई नाकारता येत होती. त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. उद्या मालकाचा वकील म्हणेल, "पट्टा शेकडो वेळा थरथरला, तरी हा तसाच वाकत राहिला." नोंदीला संमती नव्हती, हे उत्तरही पुरणार नाही, कारण 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान आणि दायित्व टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा देतो.

नोंदी ठेवण्याचा याहून चांगला नमुना आपल्याकडे 1970 च्या दशकापासून आहे. एक्स-रे तंत्रज्ञ आणि अणुभट्टीतले कर्मचारी छातीवर टीएलडी बॅज लावतात. सहसा दर तीन महिन्यांनी तो तपासून किरणांची मात्रा मोजली जाते आणि तिची राष्ट्रीय नोंद भाभा अणुसंशोधन केंद्र ठेवतं. मर्यादाही ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात 30. मात्रा वाढली की संस्थेला कारण शोधून उत्तर द्यावं लागतं आणि कर्मचाऱ्यानं नोकरी बदलली तरी त्याची नोंद पुढे चालू राहते.

पट्ट्याला अशी मर्यादा ठरवणारा आणि उत्तर मागणारा नियामक नाही. म्हणून युनियननं वेतनकरारातच तीन कलमं घालून घ्यावीत. नोंदीची प्रत कामगाराला मिळेल. ती शिस्तभंगाच्या किंवा भरपाईच्या प्रकरणात त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाही. आणि एकाच जागी यंत्र वारंवार वाजलं, तर कंपनी माणसाला नोटीस देण्याऐवजी ती जागा, ते वजन किंवा तो वेग बदलेल. तिसऱ्या कलमाला कंपनी तयार नसेल, तर पट्टा दावे कमी करण्यासाठी आणलाय, हे समजून घ्यावं.