बॅकअप आहे, हे कळलं कसं?

मंडळी, भर उन्हाळ्यात अमरावतीहून अकोल्याला निघालं, की डांबरी रस्त्यावर लांब पाणी चमकताना दिसतं. ते पाणी की मृगजळ, हे ठरवायचं कसं? न्यायदर्शन म्हणतं, जवळ जा, पिऊन बघा. तहान भागली तर ते ज्ञान खरं. आज आपण हीच कसोटी संगणकातल्या बॅकअपला लावू.

आम्ही प्रबंध लिहिला तेव्हा त्याची कार्बन कॉपी नातेवाइकांकडे ठेवून निर्धास्त होतो. पुष्कळ वर्षांनी उघडली, तर शेवटची पानं वाचताच येईनात! प्रत होती, उपयोग नव्हता.

आता समजा, अकोल्याच्या एमआयडीसीत एक डाळ मिल आहे. शेतकऱ्यांची देणी, मजुरांचे पगार, जीएसटीची बिलं, सगळं एका सर्व्हरवर. मालक म्हणतात, "सर, रोज रात्री बॅकअप घेतो नं आम्ही." बरं, ती हार्ड डिस्क कुठे असते? त्याच टेबलाच्या खणात. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचा पूर अकोल्यातल्या वस्त्यांत शिरला होता. तसं पाणी ऑफिसात आलं, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जातील. म्हणून एक प्रत दूर हवी, अमरावतीला म्हणा की क्लाऊडवर. आणि एक नेटवर्कपासून तोडलेली हवी. कारण खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या प्रतींनाही कुलूप लावतो.

नियोजनात दोन प्रश्न येतात. किती वेळ काम बंद राहिलेलं चालेल? आणि किती वेळच्या नोंदी गेलेल्या चालतील? बॅकअप रात्री एकदाच होतो आणि सर्व्हर संध्याकाळी बसला, तर दिवसभर काट्यावर मोजलेल्या तुरीची नोंद गेली. काटापट्टी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काय सांगणार?

पण नुसतं नियोजनही पुरत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईतले व्यवहार दुपारच्या आधीच थांबले, ते पावणेचारला सुरू झाले. चेन्नईत पर्यायी केंद्र होतं, तरी त्या दिवशी काम तिकडे वळवलं गेलं नाही. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडला. पहिलं सत्र मुख्य केंद्रावरून, दुसरं पर्यायी केंद्रावरून. सौदे खरे होते, बरं का! यालाच पाणी पिऊन बघणं म्हणायचं.

आपल्याला एवढा खटाटोप नको. तीन महिन्यांतून एका रविवारी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप रिस्टोअर करा. घड्याळ लावा. कालची शिल्लक जुळते का बघा, एक बिल छापून बघा. आणि रोज हे काम करणाऱ्या माणसाला त्या दिवशी लांब बसवा. कागदावर लिहिलेल्या पायऱ्या वाचून दुसऱ्यानं करावं. पासवर्ड एकट्याच्याच डोक्यात आहे, हे अशा वेळीच उघडं पडतं.

पहिली चाचणी बहुधा फसेल. फसू द्या, काय अडलं ते लिहून ठेवा, दुरुस्त करा आणि पुन्हा घ्या. तोवर "बॅकअप आहे" असं म्हणू नका. "असावा असं वाटतं" एवढंच म्हणा.